चिखलात रुतलेली जीप आणि विंचचा बंपर

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर कधी नागपूरहून काटोलच्या बाजूला गेलात, तर डांबरी सडक सोडून संत्र्याच्या बागांकडे जाणारी एखादी पांदण जरूर पाहा. चैत्र-वैशाखात याच पांदणीवरून जीप धुरळा उडवीत सहज गेलेली असते. आता मात्र ती शंभर पावले जाते न जाते तोच थबकते. चाके जागच्या जागी गरगर फिरू लागतात, काळ्या चिखलाचे सपके उडतात आणि चालक जितका जोर लावतो तितकी गाडी अधिकच खाली बसते. मग कोणी बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घालतो, कोणी दगड आणतो, तर कोणी ट्रॅक्टरवाल्याच्या शोधात निघतो.

अशा वेळी ज्या जीपच्या नाकावर विंच बसवलेली असते तिचा चालक निवांत असतो. तो ड्रमवरचा दोर सोडतो, दूरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला अडकवतो, बटण दाबतो आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढत चिखलाबाहेर येते. पाहणाऱ्यांना यात सगळे श्रेय विंचचे वाटते. पण ती विंच ज्यावर बसवली आहे त्या जाड पोलादी बंपरकडे कोणाचे लक्ष जात नाही. खरे तर विंच बाजारात तयार मिळते. तिचा बंपर मात्र, विशेषतः जुन्या जीपसाठी, बहुधा वर्कशॉपात बनवूनच घ्यावा लागतो, आणि चुकायचे असेल तर माणूस तेथेच चुकतो. नागपूरला लागून असलेल्या वाडीसारख्या भागात मालमोटारींच्या आधाराने वाढलेली वर्कशॉपे आहेत. अशा एखाद्या ठिकाणी हा बंपर कसा आकाराला येतो, आणि तो तसाच का असावा लागतो, ते आज पाहू या.

काळी माती गाडी का धरते?

आधी आपला प्रतिस्पर्धी ओळखू. नागपुरात अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था आहे. साऱ्या देशातील मातीचे नकाशे करणाऱ्या या संस्थेच्या आसपासच कापसाची आणि संत्र्याची काळी जमीन पसरलेली आहे, ही मोठी मौजेची गोष्ट. ही माती बेसॉल्ट या काळ्या खडकापासून झाली. सीताबर्डीची टेकडी याच खडकाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरले, त्यांचा हा अवशेष.

बेसॉल्ट झिजून जी चिकणमाती होते तिचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पत्त्यांचा कॅट डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पत्ता एका मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका जाड आहे अशी कल्पना करा. पाणी मिळाले की ते या पत्त्यांच्या मध्ये शिरते आणि कॅट फुगतो. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की कॅट आकसतो, म्हणून जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात हेच पत्ते पाण्यावरून एकमेकांवर घसरतात. शिवाय ओली काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते, त्यामुळे खाचांचे टायर गुळगुळीत होऊन जाते. चाकाला धरायला काही उरतच नाही.

आता अशा चिखलातून गाडी ओढण्यास किती बल लागेल? मोजमाप सोपे जावे म्हणून आपण बल 'किलोभार' या एककात घेऊ. एक किलो वस्तुमानाला पृथ्वी जितक्या बलाने ओढते तेवढा एक किलोभार, म्हणजे जवळजवळ १० न्यूटन. माणसे व सामान धरून आपली जीप २००० किलोची आहे असे समजा. सपाट डांबरी रस्त्यावर ती ढकलायला ३०-४० किलोभार पुरतात, म्हणून दोन-तीन माणसे ती ढकलू शकतात. पण चाके चिखलात बुडाली, की लष्करातील गाड्या सोडवणाऱ्यांचा ठोकताळा असा आहे : चाकाच्या उंचीइतका चिखल असेल तर गाडीच्या वजनाइतके बल धरा आणि मडगार्डपर्यंत असेल तर वजनाच्या दुप्पट. म्हणजे आपल्या जीपला २००० ते ४००० किलोभार.

हा आकडा केवढा मोठा आहे? बैलजोडी सतत काम करताना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके बल लावते. जोडीचे वजन ८०० किलो धरले तर ८० किलोभार झाले. म्हणजे २००० किलोभारासाठी पंचवीस जोड्या हव्यात! (क्षणभर हिसका द्यायचा तर बैल याहून पुष्कळ अधिक जोर लावतात, हे खरे.) पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली इतक्या जोड्या उभ्या राहतात. पण त्या सगळ्या एका दोराला जुंपण्याची कल्पना करून पाहा.

विंचच्या पोटात

पंचवीस-पन्नास बैलजोड्यांचे काम करणारी ही विंच आकाराने मात्र एखाद्या मोठ्या कलिंगडाएवढी असते. तिच्यात विजेची मोटर, दातेरी चाकांची पेटी आणि दोर गुंडाळणारा ड्रम असे तीन भाग असतात. मोटर वेगाने फिरते, पण तिचा जोर थोडा. दातेरी चाके हा वेग सुमारे दोनशे पटींनी कमी करतात आणि त्या प्रमाणात फिरवण्याचा जोर वाढवतात. यातला काही भाग घर्षणात जातो. जुन्या विहिरीवरच्या रहाटात हीच युक्ती असे : हात मोठ्या वर्तुळात फिरे, दोर लहान वर्तुळात.

येथे एक गंमत आहे, आणि ती पुष्कळ चालकांनाही ठाऊक नसते. विंचवर '४००० किलो' असे लिहिलेले असते तो आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा. ड्रमचा व्यास ६४ मिलिमीटर आणि दोर ८ मिलिमीटर जाड आहे असे समजा. पहिल्या थरात दोराचा मध्य ड्रमच्या आसापासून ३६ मिलिमीटरवर येतो, दुसऱ्या थरात ४४, तिसऱ्यात ५२ आणि चौथ्यात ६० मिलिमीटरवर. फिरवण्याचा जोर तोच, पण अंतर वाढले, म्हणजे तरफेच्या नियमाप्रमाणे ओढ कमी झाली. चौथ्या थरावर ती ४००० गुणिले ३६ भागिले ६०, म्हणजे फक्त २४०० किलोभार उरते. म्हणून जवळचे झाड सोडून लांबचे झाड निवडावे. दोर जितका अधिक उलगडेल तितका विंचला जोर अधिक.

मग सगळाच दोर उलगडावा का? मुळीच नाही. ड्रमवर पाचसहा वेढे राहू द्यावेच लागतात. दोराचे टोक ड्रमला एका लहानशा स्क्रूने बसवलेले असते. तो स्क्रू ४००० किलोभार कसा पेलणार? पण प्रत्येक वेढ्यात दोर आणि ड्रम यांच्यातील घर्षण थोडा ताण खाऊन टाकते. वंगण लागलेल्या पोलादावरही एका वेढ्यात ताण जवळजवळ निम्मा होतो. ४००० चे २००० होतात, मग १०००, ५००, २५०, आणि पाचव्या वेढ्यानंतर १२५. हे गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडले. पण ओढाळ गाईचे दावे खुंट्याला दोन वेढे देऊन एका हाताने धरणाऱ्या गुराख्याला ते अनुभवाने ठाऊक असतेच. तुम्हीही गुळगुळीत काठीला सुतळीचे वेढे देऊन, एका टोकाला पाण्याची बादली टांगून हे करून पाहा.

विजेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ४००० किलोभार म्हणजे ४०,००० न्यूटन. दोर मिनिटाला दीड मीटर सरकतो असे धरले तर सेकंदाला अडीच सेंटिमीटर, म्हणजे उपयोगी शक्ती १००० वॉट. पण त्या वेळी मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. गुणाकार केलात तर ४८०० वॉट! उरलेले ३८०० वॉट उष्णतेत जातात. चार-पाच इस्त्र्या एकदम चालू केल्यासारखेच हे झाले. ६० अँपिअर-तासांची बॅटरी या दराने कागदावर नऊ मिनिटे पुरेल, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणून जाणता चालक इंजिन चालू ठेवतो, थोडे ओढून थांबतो आणि मोटरला निवू देतो.

बलाची साखळी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विंच झाडाला ४००० किलोभार बलाने ओढते, तेव्हा झाड विंचला तेवढ्याच बलाने उलट ओढते. हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही परीक्षेत लिहिता, पण येथे तो वर्कशॉपात भेटतो. ही उलट ओढ दोरातून ड्रममध्ये येते, ड्रममधून विंचच्या पायांत, पायांतून बोल्टांत, बोल्टांतून बंपरच्या प्लेटमध्ये, प्लेटमधून तिच्या कानांत आणि शेवटी चासीच्या दोन लांब चॅनेलांत. ही एक साखळीच आहे. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला बंपर बहुधा पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असतो आणि तो लहानसहान धक्क्यांसाठी असतो. त्याला विंच बसवली तर डब्याचे झाकण उचकटावे तसा तो निघून येईल.

साखळी सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हा बंपर बनवणाऱ्याने याच्या पुढचा विचार करावयाचा असतो : जोर फारच झाला तर आधी कोणत्या कडीने हार मानावी? सर्वांत आधी मोटरने. ती अडून थांबावी, कोणालाही इजा होत नाही. त्यानंतर दोराचा क्रम. आणि बंपर व त्याचे बोल्ट यांची पाळी कधीच येऊ नये. कारण दोर तुटला तर दोर उडतो, पण बंपर सुटला तर दोराच्या टोकाला सत्तर-पाऊणशे किलोचे पोलाद बांधून ते उडते.

यात कप्पी आली म्हणजे हिशेब आणखी चढतो. झाडाला कप्पी बांधून दोर तिच्यातून परत आणला आणि बंपरवरच्या कडीत अडकवला, तर ओढ दुप्पट होते. झाडावर आणि गाडीवर ८००० किलोभार! विंच तीच, तिच्या मोटरला पत्ताही लागत नाही. पण बंपरला विंचच्या जागी ४००० आणि कडीच्या जागी ४००० असे दोन्ही सोसावे लागतात. म्हणून शहाणा मिस्त्री बंपरचा हिशेब विंचच्या आकड्यावर करीत नाही, दुप्पट आकड्यावर करतो.

आणखी एक गोष्ट. दोराची रेषा आणि बंपरला चासीशी जोडणारे बोल्ट एका पातळीत नसतात. दोर त्यांच्यापेक्षा, समजा, १५ सेंटिमीटर वर आहे. मग ओढ बंपरला नुसती पुढे ओढत नाही, त्याला नाकावर पाडू पाहते. फिरवण्याचा हा जोर ४००० गुणिले ०.१५, म्हणजे ६०० किलोभार-मीटर. प्रत्येक बाजूच्या कानाला ३००. त्या कानात पुढे-मागे दोन बोल्ट असून त्यांच्यात १० सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढचा बोल्ट खाली आणि मागचा वर असे प्रत्येकी ३००० किलोभार पडतात. शिवाय सरळ ओढीचा वाटा प्रत्येकी १००० आहेच. हे दोन्ही काटकोनात असल्याने पायथागोरसची मदत घ्या : उत्तर सुमारे ३१६० येते. आता बोल्टांतले अंतर १० ऐवजी २० सेंटिमीटर करा. ३००० चे १५०० झाले आणि एकूण भार सुमारे १८००. बोल्ट तेच, पोलाद तेच, फक्त भोक पाडण्याची जागा बदलली! कान मागे चासीवर लांबवर नेलेले दिसतात ते याचसाठी.

बोल्टांचीही जात पाहावी लागते. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर '८.८' असा छाप असतो. त्याचा अर्थ सोपा आहे. पहिल्या आठाला शंभराने गुणा : प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणावर तो तुटतो. दुसरा आठ म्हणजे त्याच्या आठ-दशांशावर, ६४० न्यूटनवर, तो कायमचा लांबू लागतो. साध्या बोल्टावर '४.६' असते. त्याचे आकडे किती, हे आता तुम्हीच सांगा. पुष्कळशा मध्यम आकाराच्या विंच चार बोल्टांवर बसतात आणि त्या बोल्टांची चौकट २५४ गुणिले ११४ मिलिमीटरची असते. एक जरी बोल्ट हाताशी होता म्हणून साधा घातला, तरी आपली कच्ची कडी तेथेच तयार झाली.

पुठ्ठा, प्लेट आणि वेल्डिंग

काम पोलादापासून सुरू होत नाही, पुठ्ठ्यापासून होते. गाडीपुढे उकिडवे बसून मिस्त्री जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापतो, चासीला लावून पाहतो, रेडिएटरला वारा अडेल का, दिवे झाकले जातील का, चाक वळताना घासेल का, हे तपासतो. बंपरची दोन्ही टोके तिरकी कापतात, कारण चढाच्या पायथ्याशी आधी चाक टेकले पाहिजे, बंपर नव्हे. पुठ्ठा चुकला तर रद्दी, प्लेट चुकली तर भुर्दंड.

मग प्लेट निवडायची. वर्कशॉपात जाडी अजूनही सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. विंचखाली दोन सुती, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरची प्लेट घेतात. नवख्याला वाटते, जाड घ्या म्हणजे झाले. पण ६ मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर प्लेटचे वजन ४७ किलो भरते! बंपर ३५ किलोचा आणि विंच ४० किलोची धरली तर ७५ किलो वजन पुढच्या आसाच्याही पुढे लोंबकळते. हे वजन आसाच्या पुढे ६० सेंटिमीटरवर आहे आणि जुन्या आखूड जीपच्या दोन आसांतील अंतर सुमारे २ मीटर आहे. तराजूचा नियम लावा : मागचा आस साडेबावीस किलोंनी हलका होतो आणि पुढच्यावर ७५ नव्हे, साडेसत्त्याण्णव किलो वाढतात. पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते आणि चिखलात आधी रुततात ती पुढचीच चाके. म्हणजे चिखलातून सुटण्यासाठी केलेला जामानिमा चिखलात रुतवायला कारण!

तेव्हा जाडी न वाढवता ताकद वाढवली पाहिजे. तुमची फूटपट्टी हातात घ्या. आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरून वाकवा पाहू! पट्टी ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल तर उभी धरल्यावर ती शंभर पट ताठ असते. म्हणून बंपरची प्लेट सपाट ठेवत नाहीत. तिच्या कडा दुमडतात, तिला पेटीचा आकार देतात, आणि कान जेथे प्लेटला भिडतात त्या कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे बसवतात. चौकोन तिरपा होतो, त्रिकोण होत नाही, हे भूमितीत शिकलात ते येथे उपयोगी पडते.

हे पोलाद बहुधा बांधकामाचे साधे पोलाद असते. भारतीय मानक २०६२ मधील एका नेहमीच्या प्रतीचे पोलाद चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनपर्यंत ताण घेऊन पुन्हा पूर्ववत होते. त्यात लोखंडाबरोबर थोडा कार्बन आणि थोडे मँगनीज असते. मँगनीज म्हटले की नागपूरकरांनी कान टवकारलेच पाहिजेत. मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे आणि मनसर, कांद्री, गुमगाव या तिच्या मँगनीजच्या खाणी याच जिल्ह्यात आहेत. हे मँगनीज बंपरमध्ये काय करते? लोखंडात गंधकाचा अंश राहतोच. गंधक लोखंडाशी संयोग पावले की जे संयुग होते ते लोखंडाच्या मानाने फार लवकर वितळते आणि कणांच्या सीमांवर पसरते. मग तापलेले पोलाद ठोकताना किंवा वेल्डिंग करताना चिरा पडतात. मँगनीज त्या गंधकाला आधीच गाठते. त्यांचे संयुग वितळण्यास १६०० अंशांच्या आसपास तापमान लागते, म्हणून चिरा टळतात. मनसरच्या खाणीतला काळा दगड असा गाडीच्या नाकात येऊन बसलेला असतो.

वेल्डिंगमध्ये रॉड आणि प्लेट यांच्यात विजेची ज्योत पेटते आणि दोन्ही वितळून एक होतात. रॉडवरचे लेपण जळून जो वायू होतो तो वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. त्या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका. तिच्यातील अतिनील किरणांनी डोळ्यांच्या बाहेरच्या पडद्याला भाजते, आणि ते लगेच कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते तेव्हा कळते. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी काढतात.

कोपऱ्यातले ६ मिलिमीटरचे वेल्डिंग नीट झाले असेल, तर त्याची एक सेंटिमीटर लांबी सुरक्षितपणे सुमारे ४२० किलोभार सोसते. दहा सेंटिमीटर वेल्डिंग म्हणजे ४२०० किलोभार! मग लांबीची अडचण नाहीच. अडचण आहे ती 'नीट झाले असेल तर' या चार शब्दांत. गंजावर, रंगावर किंवा तेलावर केलेले वेल्डिंग वरून मण्यांच्या माळेसारखे सुरेख दिसते आणि खाली प्लेटला चिकटलेलेच नसते. मी स्वतः एका वर्कशॉपात अशी माळ हातोडीच्या दोन घावांत सबंध निघून आलेली पाहिली आहे. म्हणून आधी ग्राइंडरने प्लेट पांढरी करावयाची. मग जागोजाग नुसते टाके मारून सांगाडा उभा करावयाचा, मापे पुन्हा तपासावयाची, आणि नंतर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे थोडे थोडे वेल्डिंग करावयाचे. एकाच बाजूने सलग केले तर निवताना धातू आकसून सगळा बंपर केळीसारखा वाकतो. चासीला मात्र वेल्डिंग न करता बोल्टच लावलेले बरे. उष्णतेने चासीच्या पोलादाचा स्वभाव बदलतो, आणि बोल्ट काढता येतात.

दोर तुटला तर

तारेच्या दोराचा जन्म खाणीतला. जर्मनीतील हार्त्स पर्वतात खाणींतले पोहरे साखळीने ओढीत. साखळीची कडी पूर्वसूचना न देता तुटे. म्हणून विल्हेल्म आल्बेर्ट या खाण-अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारा पिळून दोर केला. त्यातली एक तार तुटली तरी बाकीच्या भार सांभाळतात आणि तुटलेले टोक डोळ्यांना दिसते. मात्र हातालाही बोचते, म्हणून हातमोजे हवेत.

ताणलेला दोर ही रबराच्या बेचकीसारखीच वस्तू आहे. २५ मीटर दोरावर २०,००० न्यूटन ताण असताना तो २० सेंटिमीटर लांबला असे धरा. साठलेली ऊर्जा बलाच्या निम्म्याला लांबीने गुणून मिळते : २००० ज्यूल. ५० किलोची गोणी चार मीटर उंचीवरून पडावी तेवढी. दोर तुटताना यातली पाव ऊर्जा जरी एक किलोच्या हुकाला मिळाली, तरी तो ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू दीडशे-एकशेसाठ ग्रॅमचा असतो, हे लक्षात घेऊन काय ते समजा.

म्हणून ताणलेल्या दोराच्या मधोमध जाड घोंगडी किंवा मातीने अर्धे भरलेले पोते टाकतात. दोर तुटलाच तर ते त्याला खाली पाडते. दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणी उभे राहू नये, दोर ओलांडून तर कधीच जाऊ नये. हल्ली पॉलिथिलीनच्या एका विशेष प्रकाराचा दोर मिळतो. तो तेवढ्याच ताकदीच्या तारेपेक्षा पुष्कळ हलका असतो, पाण्यावर तरंगतो आणि तुटल्यावर कमी उसळतो. पण सुमारे १५० अंशांना तो वितळतो, शिवाय वाळू आणि ऊन त्याचे शत्रू. नागपूरच्या मे महिन्यात तो झाकून ठेवलेला बरा. आणि दोर झाडाला थेट बांधू नये, मध्ये रुंद कापडी पट्टा घालावा. झाडाचे अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली जाते. तारेने ती साल सभोवार कापली गेली तर आपली गाडी सुटेल, पण कडुलिंब वाळेल.

रस्त्यावर नको

इतके सगळे वाचून एखाद्याला आपल्या घरच्या मोटारीलाही असा बंपर लावण्याचा मोह होईल. तसे करू नये, आणि कायदाही करू देत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांपुढे लावलेल्या लोखंडी संरक्षक दांड्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. कारण शास्त्रीय आहे. मोटारीचे नाक मुद्दाम चुरगळेल असे केलेले असते. ६० सेंटिमीटर चुरगळत थांबणारी गाडी ताठ पोलादामुळे १० सेंटिमीटरांत थांबली, तर आतल्या माणसांवर सहापट बल येते. हवेच्या पिशव्या उघडण्याची वेळही चुकू शकते. आणि समोर पायी चालणारा माणूस असेल, तर पत्र्याऐवजी दोन सुती प्लेटची कड त्याच्या पायावर येते. केवळ रुबाबासाठी असा बंपर मिरवणाऱ्यांचे मला कौतुक वाटत नाही. शेत, खाण किंवा आडवाटांच्या शर्यतींचे बंदिस्त मैदान, येथेच त्याची जागा. गाडी सडकेवरही यायची असेल तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणे आले.

पहिली परीक्षा

बंपर रंगवण्याची घाई करीत नाहीत. आधी तो गाडीला बसवतात, प्रत्येक नट आणि प्लेट यांवरून खडूची एक सरळ रेघ मारतात आणि कोरड्या जमिनीवर, ब्रेक लावलेली दुसरी गाडी थोडीशी ओढून पाहतात. रेघ मोडलेली दिसली की तो नट फिरला. मग जोर थोडा वाढवून पुन्हा ओढतात, आणि त्यानंतर वेल्डिंगची तपासणी. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जुने मिस्त्री जोडावर रॉकेल लावतात, काही वेळाने ते कोरडे पुसून घेतात आणि वर खडूची पूड भुरभुरतात. चीर असेल तर केशाकर्षणाने आत गेलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळपट रेघ उमटते. शिक्षकांनी एखादी तडा गेलेली जुनी कपबशी घेऊन हा प्रयोग वर्गात अवश्य दाखवावा. रॉकेल नसेल तर थोडी शाई मिसळलेले पाणीही चालते, मात्र पाच मिनिटे थांबावे लागते.